पश्चात्तापाचे साहित्य आणि बराकीतली कहाणी

मराठीत तुरुंगसाहित्य म्हटले की जी नावे पटापट पुढे येतात ती आपणा सर्वांना पाठ आहेत. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी 'गीतारहस्य' लिहिले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्याच गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहून काढली. तुरुंग ही जणू तपोभूमीच आहे अशा थाटात आम्ही मराठीचे शिक्षक ही उदाहरणे वर्गात सांगतो. मीही वीस वर्षे सांगत आले. या परंपरेतला लिहिणारा पुरुष आहे, राजकीय कैदी आहे, त्याला कागद, दौत आणि ग्रंथ मिळालेले आहेत, आणि बाहेर त्याच्या हस्तलिखिताची वाट पाहणारा एक वर्ग उभा आहे. तुरुंगात बसून आईवर पुस्तक लिहिले गेले. तुरुंगात असलेल्या आईने काय लिहिले, हा प्रश्न मात्र मराठी समीक्षेला पडला नाही. (आपल्या वाचकाला 'येरवडा' म्हटले की २४ सप्टेंबर १९३२ चा करार आठवतो हे खरे. पण तेथेही आपल्या डोळ्यांसमोर येतात ते पुरुषच.)

हे आज लिहिण्यास एक कारण घडले आहे. एका सामाजिक संस्थेच्या वतीने मी दोन वर्षे दर शनिवारी एका जिल्हा कारागृहाच्या महिला विभागात लेखनाचे आणि चित्रकलेचे वर्ग घेत होते. कागदोपत्री त्याचे नाव 'सृजन कार्यशाळा' असे होते. शेवटी त्या बायकांच्या लेखनाची एक पुस्तिका निघाली. मुखपृष्ठावर गज आणि गजांतून उडून जाणारे पाखरू. आठ मार्चला प्रकाशन झाले. पाहुण्यांनी 'पश्चात्तापाच्या अश्रूंनी लिहिलेली अक्षरे' असे तिचे वर्णन केले, टाळ्या पडल्या. ज्यांची ती अक्षरे होती त्यांना बंदीची वेळ झाल्यामुळे भाषण संपण्याआधीच आत नेण्यात आले. पुस्तिकेची संपादक मी. परवा कपाट आवरताना ती हाती लागली आणि पुन्हा वाचली. साहित्य म्हणून ती वाईट आहे. ते वाईटपण त्या बायकांचे नाही, माझे आहे. ते एका व्यक्तीच्या चुकीपुरते असते तर त्यासाठी त्रैमासिकाची पाने अडवण्याचे कारण नव्हते. पण असे वर्ग आता अनेक तुरुंगांत भरतात, आपल्यातले शिक्षक आणि कार्यकर्ते तेथे जातात, उद्या आणखी जातील. त्यांनी माझी चूक पुन्हा करू नये एवढ्यासाठी ही पुस्तिका मी समीक्षेच्या टेबलावर घेत आहे.

पुस्तिकेतले कोणतेही पान उघडा, आवाज एकच आहे. सुरुवातीला बालपण, मग लग्न, मग 'तो दिवस', मग आईची नाहीतर लेकराची आठवण, आणि शेवटच्या परिच्छेदात 'माझे चुकले, समाजाने मला पुन्हा संधी द्यावी.' लेखिका वेगळ्या, गावे वेगळी, जाती वेगळ्या, गुन्ह्यांची कलमे वेगळी. तरी शेवट एक. भाषा पाहावी तर दहावीच्या निबंधाची. 'माझिया', 'काळोखाचे साम्राज्य', 'आशेचा किरण' हे शब्द ज्या बाईच्या नावावर छापले आहेत तिच्या तोंडून दोन वर्षांत मी ते एकदाही ऐकले नव्हते. ते माझे शब्द होते. ती सांगत गेली, मी 'शुद्ध' करत गेले.

आता यातली गंभीर गोष्ट पाहावी. वर्गाला बसणाऱ्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक कच्च्या कैदी होत्या. हे काही आमच्याच तुरुंगाचे वैशिष्ट्य नव्हते. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती आणि त्यांतील चारांपैकी तीन कच्चे कैदी होते. स्त्रिया त्यांत २३ हजार ७०० च्या आसपास, म्हणजे शंभरात चार. शंभरात चार असल्यामुळे त्यांच्यासाठी वेगळे तुरुंग थोडे. बहुतेक जणी पुरुषांच्या तुरुंगाच्या एका कोपऱ्यात, एका बराकीत आणि एका अंगणात राहतात. दीड हजारांहून अधिक बायांबरोबर त्यांची सहा वर्षांखालची लेकरेही आत होती. कच्ची कैदी म्हणजे जिचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही अशी बाई. कायदा तिला निर्दोष मानतो. माझ्या पुस्तिकेने तिला दोषी ठरवले, तिच्याच तोंडून कबुली घेतली आणि वर तिला साहित्याचे नाव दिले. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब न्यायालय पुरावा म्हणून धरत नाही. संपादक बाईंपुढे दिलेल्या कबुलीजबाबाला मात्र टाळ्या पडतात.

पश्चात्ताप ही या साहित्याची मागणी कोठून आली? ती बायकांकडून आली नाही. 'कारागृह', 'सुधारगृह', 'सुधारणा व पुनर्वसन' ही जी सरकारी शब्दांची उतरंड आहे तिच्यातच ती बसलेली आहे. कला शिकवायची ती सुधारण्यासाठी, लिहायचे ते मन मोकळे करण्यासाठी, आणि मोकळ्या झालेल्या मनातून जे बाहेर पडेल ते अपराधीपणच असले पाहिजे! या मागणीची ओळख दलित साहित्याच्या वाचकाला नव्याने करून द्यावी लागू नये. आपल्या कविता आणि आत्मकथने आली तेव्हा प्रस्थापित समीक्षेने वेदना मान्य केली, नकार मान्य करताना तिचा घसा कोरडा पडला. 'अनुभव अस्सल आहे, पण कलात्मक संयम हवा' हे वाक्य आपण किती वर्षे ऐकले! तुरुंगातल्या बाईला सांगितले जाते ते याच्याही पुढचे आहे. अनुभव अस्सल आहे, पण शेवटी डोळे पुसून माफी मागायला हवी. त्या जुन्या वाक्याविरुद्ध ज्या पिढीने झगडा केला तिचीच मी विद्यार्थिनी. फलकाच्या पलीकडच्या बाजूला उभे राहिल्याबरोबर मी तेच वाक्य बोलू लागले होते.

पहिल्या शनिवारची गोष्ट सांगते. मी वह्या वाटल्या, 'मनात येईल ते लिहा' म्हटले. पंधरा-वीस बाया माझ्याभोवती गोळा झाल्या आणि प्रत्येकीने एकच मागितले. 'बाई, माजा अर्ज लिवून द्या.' कोणाला जामिनाची रक्कम कमी करून हवी होती, कोणाला जातमुचलक्यावर सुटायचे होते, कोणाला वकील बदलून हवा होता, एकीची पोरगी बालगृहात होती आणि ती नेमकी कोणत्या गावच्या बालगृहात आहे एवढेच तिला विचारायचे होते. मी सांगितले, 'हा अर्जांचा वर्ग नाही, आपण येथे सर्जनशील लेखन करणार आहोत.' त्या मुकाट्याने बसल्या. 'पावसाळ्याची एक आठवण' लिहू लागल्या.

आज मला वाटते, त्या दिवशी बराकीतला मुख्य वाङ्मयप्रकार मी दाराबाहेर काढला. अर्जाला ज्याच्याशी बोलायचे तो माणूस ठरलेला असतो. काय आधी सांगायचे, काय मागे ठेवायचे, कोठे नरम व्हायचे, कोठे अडून बसायचे याचे भान असल्याशिवाय अर्ज लिहिता येत नाही. निवेदनाची जी जी तंत्रे आम्ही पाठ्यपुस्तकातून शिकवतो ती सगळी त्यात आहेत, आणि वर त्याचा निकाल लागतो. पत्रकार शीला बर्से यांनी १९८२-८३ च्या सुमारास मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या पाच जणींनी पोलिसांच्या कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बर्से यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले, न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले, आणि स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, तेथे स्त्री पोलिसांचा पहारा, कैद्यांना कायद्याची मदत यांविषयीचे आदेश १९८३ च्या निकालात आले. पंधरा बायकांचे बोलणे आणि एका बाईचे पत्र, त्यातून एवढे घडले. पुढे त्याच बर्से यांच्या मुलाखतींना तुरुंग प्रशासनाने आडकाठी केली आणि ते प्रकरणही न्यायालयात गेले. बोललेले शब्द टेपवर बाहेर गेले तर काय होईल याची प्रशासनाला जेवढी जाण होती तेवढी मला, साहित्याच्या शिक्षिकेला, नव्हती.

चित्रकलेच्या तासाची गत निराळी नव्हती. 'आपले घर काढा' हा विषय मी दिला. फलटणच्या बाजूच्या एका पारधी बाईने कागद कोराच ठेवला. मी टोकले तेव्हा म्हणाली, 'कंचं काढू? पाल काढलं तर तुमी म्हनाल ह्ये घर न्हाई.' १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले, सोलापूरसारख्या ठिकाणी तारांच्या कुंपणात ज्यांची वस्ती बसवली, १९५२ साली ज्यांना त्या कायद्यातून सोडवले आणि तरी चोरी झाली की ज्यांच्या पालावर आजही पहिली गाडी जाते, त्या समाजातल्या बाईला मी तुरुंगात बसवून घर काढायला सांगत होते. लक्ष्मण मानेंचे 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' ही पुस्तके मी वर्षानुवर्षे शिकवली आहेत. शिकवणे आणि कळणे यांच्यात केवढे अंतर असते! पुढच्या खेपेस तिने आपण होऊन चित्र काढले. एक लांब रस्ता, कडेला तीन दगडांची चूल, आणि चुलीवर काही नाही. संस्थेच्या लोकांना ते अपूर्ण वाटले. पुस्तिकेत ते गेले नाही.

आता मी ज्या गोष्टीकडे येते ती या लेखाचा गाभा आहे. 'मी' वापरून लिहा, स्वतःचे सांगा, असा माझा आग्रह होता. दलित आत्मकथनाच्या संस्कारातून आलेला तो आग्रह होता आणि त्याची मुळे सोन्याची आहेत. ज्याला समाजाने माणूस मानले नाही त्याने 'मी' म्हणणे हीच बंडखोरी. पण बराकीतल्या बाया 'मी' टाळत. कितीही सांगा, त्यांची गोष्ट सुरू होई ती 'एक बाई होती' अशी. कहाणीसारखी. आटपाट नगराच्या जागी तालुक्याचे गाव, राजाच्या जागी फौजदार, आवडती-नावडतीच्या जागी सुना आणि जावा. मी त्याला पळवाट समजत होते. 'दुसरीची गोष्ट कशाला सांगता, तुमची सांगा,' असे मी म्हणे, आणि त्या एकमेकींकडे पाहून हसत.

ते हसू कळायला मला फार वेळ लागला. कच्च्या कैदीने 'मी' म्हणून लिहिलेला कागद झडतीत सापडू शकतो, कार्यालयात वाचला जातो, आणि कोठून कोठे जाईल याचा नेम नसतो. 'एक बाई होती' म्हटले की त्या बाईचे कोणतेही कलम नाही, तिची तारीख नाही, तिला वकील लागत नाही. ती नवऱ्याला विष घालू शकते किंवा न घालताही पकडली जाऊ शकते. ऐकणाऱ्या सगळ्या जणींना कळते की कोण बोलते आहे, आणि कोणालाही ते शाबीत करता येत नाही. ज्याला मी अडाणीपणा समजत होते ती निवेदनाची अत्यंत जाणती निवड होती. आपल्याकडे आत्मकथनाला जे महत्त्व आले ते योग्यच आहे, पण 'मी' हीच प्रामाणिकपणाची एकमेव खूण असे मानून आपण कहाणी, ओवी, उखाणा, आहाणा या बायकांच्या जुन्या मुखवट्यांकडे पाठ फिरवली की काय, असे आता मला वाटते.

ओवीचेच पाहा. धान्य निवडण्याचे काम चालले असताना काही जुन्या बाया ओव्या म्हणत. जात्यावरची ओवी संपली असे आपण म्हणतो. गावोगावच्या लाखाच्या वर ओव्या अभ्यासकांनी गोळा करून ठेवल्या आहेत आणि त्यांत बाबासाहेबांवरच्याही पुष्कळ आहेत. पण बराकीत ओवी नुसती जपलेली नव्हती, ती बदलत होती. ओवीतल्या भाऊरायाच्या जागी वकील आला होता, माहेरच्या वाटेच्या जागी कोर्टाची तारीख, आणि मुराळी म्हणून पोलिसांची गाडी. हे ऐकून मी चकित झाले, टिपून घेतले नाही. 'स्वतःचे नवे लिहा' असे माझे चालले होते ना! पुरुष लोक तुरुंगाला थट्टेने सासुरवाडी म्हणतात. या बायांना ती थट्टा सुचत नसे. सासर कोणते आणि तुरुंग कोणता, हे ओवीत त्या अनेकदा वेगळे ठेवतच नसत.

'मी' म्हणून लिहिणाऱ्या बायकांचे पुढे काय होते याचे एक उदाहरण परदेशातले आहे. अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या यॉर्क नावाच्या स्त्रियांच्या तुरुंगात वॉली लॅम्ब हा कादंबरीकार १९९९ पासून लेखनाचे वर्ग घेत होता. २००३ साली त्या वर्गातल्या स्त्रियांच्या आत्मपर लेखांचा संग्रह एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने काढला. लेखिकांच्या वाट्याला प्रत्येकी काही हजार डॉलर येणार होते. पुस्तक बाजारात येण्याच्या सुमारास राज्य सरकारने त्याच लेखिकांवर दावा लावला. तुमच्या कैदेचा खर्च दिवसाला ११७ डॉलर याप्रमाणे भरा! पुढे त्यांतल्या एका लेखिकेला पेन संस्थेचा अभिव्यक्तिस्वातंत्र्यासाठीचा पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा तुरुंगाने वर्गच बंद पाडला. गवगवा झाल्यावर तो पुन्हा सुरू झाला आणि दावाही २००४ मध्ये मिटला. लॅम्ब यांच्या वर्गात बहुतेक शिक्षा झालेल्या स्त्रिया होत्या, म्हणून कबुलीची भीती कमी. तरी लिहिल्याचे बिल आले ते आलेच.

त्याच देशात दुसरी वाट रोडेसा जोन्स या कृष्णवर्णीय नटीने काढली. सॅन फ्रान्सिस्कोच्या तुरुंगात तिला बायकांना व्यायाम शिकवायला बोलावले होते. बाया कवायत करीनात, तेव्हा ती त्यांच्याशी बोलू लागली, आणि १९८९ मध्ये 'मीडिया प्रोजेक्ट' उभा राहिला. हा मीडिया म्हणजे वर्तमानपत्रे नव्हेत, ग्रीक पुराणातली पोटच्या पोरांना मारणारी मीडिया. त्या बायकांनी, त्यांत कृष्णवर्णीय स्त्रिया पुष्कळ, ही जुनी कथा घेतली, मोडली, तिच्यात आपले रस्ते, आपले नवरे, आपली व्यसने घातली आणि तुरुंगाबाहेरच्या रंगमंचावर नेऊन सादर केली. १९७२ साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव ज्या समाजाच्या लढ्यातून घेतले त्याच समाजातल्या बायका बराकीत काय करत होत्या, इकडे आपले लक्ष गेले नाही. माझ्या वर्गातली 'एक बाई होती' आणि त्यांची मीडिया यांची जात एकच आहे. मुखवटा चढवला की खरे बोलता येते हे दोघींना ठाऊक होते, आणि मी सगळ्यांचे मुखवटे उतरवायला निघाले होते.

आपल्या देशात २०१३ मध्ये 'तिनका तिनका तिहाड' हा तिहार तुरुंगातल्या स्त्रियांच्या हिंदी कवितांचा संग्रह आला आणि त्याचे स्वागतही झाले. वर्तिका नंदा यांच्याबरोबर त्याच्या संपादक होत्या विमला मेहरा, त्या वेळच्या तिहारच्या महासंचालक. त्या कामामागची कळकळ मला नाकारायची नाही. कैदी बायकांच्या नावाने पुस्तक निघणे हीच मोठी गोष्ट. पण समीक्षकाने हे विचारलेच पाहिजे, की जिच्या हातात किल्ल्या आहेत तिच्याच हातात संपादनाची लेखणी असेल तर कविता कोणत्या गोष्टींविषयी गप्प बसेल? हा प्रश्न मी त्यांना विचारते तसा स्वतःलाही विचारते. माझ्या हातात किल्ल्या नव्हत्या, पण किल्ल्या ज्यांच्या हातात होत्या त्यांच्या खोलीत बसून मी चहा घेत असे. याच्या उलट सुधा भारद्वाज यांचे २०२३ मध्ये इंग्रजीत आलेले येरवड्यावरचे पुस्तक. फाशी यार्डाच्या गजांतून दिसणाऱ्या बायकांची लहान लहान शब्दचित्रे त्यात आहेत. लेखिका स्वतः कच्ची कैदी, पेशाने वकील. दुसऱ्यांचे अर्ज लिहून देणारी बाई जेव्हा लिहिते तेव्हा तिच्या वाक्यात काय उतरते ते तेथे पाहावे. तरी तेही अखेर शिकलेल्या बाईने इतरांविषयी लिहिलेले आहे. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांचे स्वतःचे पुस्तक अजून यायचेच आहे.

आता माझ्या पुस्तिकेतल्या एका विशिष्ट पानाकडे येते. मातंग समाजातल्या एका बाईने मला एक गोष्ट सांगितली होती. लिहिता येत नव्हते म्हणून मी उतरवून घेतली. 'एक बाई होती. ती नव्या घरी आली.' हे घर म्हणजे बराक, पण तो शब्द गोष्टीत कोठे येत नाही. घरात चाळीस सासवा. थोरल्या सासूने विचारले, 'तू कोनाची?' बाईने बापाचे नाव सांगितले. सासू म्हणाली, 'त्ये न्हाई इचारलं.' बाईने गावाचे नाव सांगितले. 'त्ये बी न्हाई इचारलं.' मग बाईने सांगायचे ते सांगितले आणि तिच्या हातात झाडू आला. संडासाची बाजू तिची झाली. नंतर चाळीस सासवांत आणखी एक सून येते, तिलाही तेच तीन प्रश्न विचारले जातात, पण ती तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देते तेव्हा तिच्या हातात पोळपाट-लाटणे येते. एवढीच गोष्ट. तीनदा तोच प्रश्न, तीच लय, आणि शेवटी दोन हातांत दोन वस्तू. कहाणीची इतकी घट्ट बांधणी मी अनेक नामवंत कथाकारांत पाहिलेली नाही.

ही गोष्ट मी छापली नाही. म्हणजे छापली, पण झाडूपासून पुढचा भाग काढून टाकला. मजकूर आधी कार्यालयात तपासला जाणार होता, आक्षेप आला असता, सबंध पुस्तिका अडली असती, दोन वर्षांचे काम वाया गेले असते. ही सगळी कारणे खरी होती. कोणी मला काढ म्हटले नव्हते, मी आपण होऊन काढले. तीन प्रश्नांच्या जागी 'सर्वांनी तिला प्रेमाने जवळ घेतले' असे वाक्य घातले आणि शेवट आईच्या आठवणीवर नेला. माझी आई नगरपालिकेच्या झाडू खात्यातून निवृत्त झाली. त्या झाडूच्या पगारावर मी एम. ए. झाले. हे सांगितल्याने माझा गुन्हा हलका होत नाही, वाढतो, म्हणूनच सांगते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना, अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमावल्यांतली जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली. स्वयंपाक अमुक जातीने करावा, संडाससफाई तमुक जातीकडे द्यावी, अशा अर्थाच्या तरतुदी स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनीही छापील नियमांत शिल्लक होत्या. कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाका असे न्यायालयाने सांगितले. विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार समजणाऱ्या मजकुरावरही बोट ठेवले. निकालाची बातमी मी वर्तमानपत्रात वाचली तेव्हा मला न्यायमूर्तींचे शब्द आठवले नाहीत. 'त्ये बी न्हाई इचारलं' हे आठवले. जे न्यायालयाने पुढे शेकडो परिच्छेदांच्या निकालात नोंदवले ते एका निरक्षर बाईने तीन प्रश्नांत माझ्या वहीत नोंदवून ठेवले होते, आणि मी ते खोडले होते. नियमावलीत जात लिहिलेली असो नसो, थोरली सासू विचारायची ते विचारतेच. रकाना काढल्याने तिसरा प्रश्न थांबेल की तो तोंडी होऊन बसेल, हे अशा कहाण्यांतूनच कळू शकेल. दुसरा पुरावा कोण देणार?

प्रकाशनानंतर मी पुस्तिकेच्या प्रती घेऊन गेले. बराकीतल्या एका शिकलेल्या मुलीने तिची गोष्ट तिला वाचून दाखवली. तिने शेवटपर्यंत ऐकली. पुस्तिका हातात घेतली, उलटसुलट केली, आणि मला म्हणाली, 'बाई, ह्ये तुमचं लई चांगलं लिवलंय. माजं कुटं हाय?'

मला उत्तर देता आले नाही. आजवर माझ्या लेखनाची जी परीक्षणे आली त्यांत इतके नेमके परीक्षण दुसरे नाही.

आपल्या परंपरेत याची उत्तरे नाहीत असे नाही. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता या मांग मुलीचा निबंध 'ज्ञानोदया'त आला तेव्हा तिच्या शिक्षकांनी तिच्या रागाला पश्चात्तापाचा शेवट जोडला नाही. म्हणून दीडशेहून अधिक वर्षांनंतरही तो निबंध थंड झालेला नाही. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं'ची पाने वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवली. ते लपवणे हाही त्या पुस्तकाच्या घडणीचा भाग आहे. लिहिणाऱ्या बाईला कागद कोठे ठेवायचा हा प्रश्न आधी सोडवावा लागतो, काय लिहायचे हा नंतर. बराकीत तर ठेवायला फडताळही नाही. तेथे जाणाऱ्याने पहिल्या दिवशी वह्या वाटण्यापूर्वी या वह्या रात्री कोणाच्या ताब्यात राहतील हे विचारून घ्यावे. मी विचारले नव्हते. त्या कार्यालयात राहत.

पुढच्या वर्षी मी संस्थेचे काम सोडले, पण जाणे सोडले नाही. आता आधी अर्ज लिहिते. अर्ज संपले की कोणीतरी 'एक बाई होती' म्हणून सुरुवात करते आणि मी ऐकत बसते. उतरवून घेतले तर सांगणारीला वाचून दाखवते, ती 'हां, आसंच' म्हणेपर्यंत. 'शुद्ध' करत नाही. ओव्यांची टिपणे आता आहेत. पुस्तिका काढण्याविषयी विचारणा होते, मी हो म्हणत नाही. हे बरोबर आहे की नाही याविषयी माझ्या मनात वाद आहे. न छापणे हीही एक प्रकारची कात्री आहे, असे माझी एक मैत्रीण म्हणते, आणि तिचे म्हणणे मला खोडता आलेले नाही.

झाडूची गोष्ट मूळच्या रूपात माझ्याजवळ आहे. वर मी जो सारांश दिला तो तिला विचारून, आणि ओळख पटेल असे तपशील बदलून दिला आहे. तिचे शब्द तिने दिले तेवढेच घेतले. सबंध गोष्ट या अंकासाठी द्यावी का, असे मी तिला विचारले होते. ती म्हणाली, निकाल लागू दे, मग नाव घालूनच छापा. गेल्या तारखेला साक्षीदार आला नाही. पुढची तारीख पडली आहे.